गिरणीच्या पायऱ्या

पुण्यातला एक कारखाना पाहून आले आणि हैबतरावांनी घोटावड्याच्या आपल्या भातगिरणीत पायऱ्या पाडल्या. हमालानं मुकादमाला सांगायचं, मुकादमानं कारकुनाला, कारकुनानं मालकांना. इंजिन बंद करायचा हुकूम फक्त मालकांचा. पायरी सोडून बोलेल त्याची हजेरी कापायची. माणसं मूठभर, थाट मात्र मुंबईच्या गिरणीचा.

सुगीत देवू हमालानं मुकादमाला सांगितलं, "पट्टा तुटतोय, इंजिन थांबवा." निरोप वर पोचेस्तोवर तुटलेला पट्टा देवूच्या मानेवर बसला होता.

तेराव्यानंतर गिरणी सुरू झाली. दुपारी कारकून अदबीनं म्हणाला, "मालक, पट्टा तुटतोय."

पट्टा नवाकोरा होता. तरी रोज दुपारी तेच. हैबतरावांनी संतापून कारकुनाला काढलं. दुसऱ्या दिवशी तोच निरोप मुकादमानं आणला.

"तुला कुनी सांगितलं?"

"खालनं आला, जी."

"खाली कोन हाय, गाढवा?" म्हणत त्यालाही काढलं.

देवूची बायको तानुबाई गिरणीच्याच अंगणात मजुरीनं तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांच्यावर कशाला चिडता? निरोप रीतीनंच येतोय. रीत तुमीच घातली. तिच्यापायीच माझा माणूस गेला."

"तू बी चालती हो."

ती सूप आपटून गेली. तिच्यामागं हमालही गेले.

हैबतरावांनी दात ओठ खात स्वतःच इंजिन लावलं. दुपारी भुशाच्या ढिगाकडून, अगदी पाठीशी, कुणीतरी अदबीनं खाकरलं.

"मालक, आता मदी कुनी न्हाई. तुमालाच सांगू का?"