जिवाणूचं बारसं

१९६२ साली एका जहाजाने समुद्राच्या तळातून आणलेल्या गाळात पुष्पावतीला जगाला ठाऊक नसलेला जिवाणू सापडला. मॉरिशसमधल्या बों अक्योय गावच्या मराठी मंडळींनी देवळात तिचा सत्कार ठेवला. जिवाणू गाळातून कसा निवडला, काचेच्या बशीत कसा वाढवला, नवाच आहे हे कसं ओळखलं, सगळं तिने घडाघडा सांगितलं.

"आयो, नाव काय ठेवलंस त्याचं?" पहिल्या रांगेतून सासूबाईंनी विचारलं.

पुष्पावती लाजून लाल झाली आणि पदराशी चाळा करू लागली.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग मागे मान खाली घालून बसलेल्या आपल्या मुलाकडे पाहिलं आणि हसू दाबत म्हणाल्या,



"अगं, मग उखाण्यात घे की!"