बिनआग्रहाची बिअर

फोनवरचा आकडा पुन्हा खाली आला, तशी प्रीता हातातली सुरी टाकून नवऱ्याकडे धावली. "शंतनू, बघ यार, संपतेय!"

गॅरेजमधल्या फ्रिजात तिनं घरी केलेल्या बिअरचा केग होता, गुडघ्याएवढं स्टीलचं पिंप. आत किती उरलंय ते बाहेरून कळत नाही, म्हणून शंतनूनं त्याच्याखाली वजनकाटा बसवून तो फोनला जोडला होता. नळाखाली कुणी ग्लास भरला, की फोनवर शिल्लक ग्लासांतला एक कमी व्हायचा. तोंडावर "मस्त" काय, लोक इथं चँडलरमध्येही म्हणतात आणि तिकडे चंद्रपुरातही. काट्याला भीड नसते. आज पाहुण्यांनी आपणहून केग संपवला, तर सोमवारी चिप कंपनीतल्या नोकरीचा राजीनामा द्यायचा आणि स्वतःची ब्रुअरी काढायची, असं प्रीतानं ठरवून टाकलं होतं.

आणि केग बघता बघता निम्मा झाला होता. प्रीताला हसू आवरेना. बॉसला कसं सांगायचं ते आता ठरव, असं शंतनूही म्हणाला.

उड्या मारायच्याच बाकी ठेवून ती बॅकयार्डमध्ये आली आणि जागीच थबकली. अल्फारेटाहून आठवडाभरासाठी आलेली तिची आई ग्लासांनी भरलेला ट्रे घेऊन पाहुण्यांमधून फिरत होती, लग्नाच्या पंगतीत वाढावं तशी. एकाला म्हणत होती, एवढ्यानं काय होतंय. दुसऱ्याला, माझ्यासाठी घ्या. जन्मात बिअरला हात न लावलेली बाई! शंतनूच्या ऑफिसातल्या विनयसमोर तर तीन ग्लास काठोकाठ भरून उभे होते. काकूंना नको म्हणायची त्याची काय बिशाद?

म्हणजे काट्यानं इतका वेळ आईचा आग्रह मोजला होता.

"आई, प्लीज, आग्रह नको करूस. माझा सगळा डेटा खराब होतोय."

"अगं, लोक लाजतात."

"लाजू देत. आवडली तर घेतील."

आईनं ट्रे खाली ठेवला आणि ओठ मिटून खुर्चीत बसली. तिला पाहुण्यांसमोर गप्प बसवणं ही शिक्षाच होती, पण तिनं ती भोगली.

आकडा थांबला. विनयनं पाणी मागितलं. कुणीतरी ऊन अजून किती आहे ते बोललं, बाकीच्यांनी माना डोलावल्या. प्रीताची नजर फोनवरून हलेना. ब्रुअरी डोळ्यांदेखत हातची चालली होती आणि तिला रडू येईलसं झालं. जरा दम धर, असं शंतनू पुटपुटला, पण त्याचाही आवाज पडलेला होता.

मग आकडा एकानं उतरला. थोड्या वेळानं आणखी एकानं उतरला. प्रीतानं भराभर बॅकयार्डभर नजर फिरवली. पाहुणे सगळे आपापल्या जागी होते. आईची खुर्ची तेवढी रिकामी होती.

ती धावतच गॅरेजमध्ये शिरली. आई फ्रिजपाशी उभी होती. हातात भरलेला ग्लास, वरच्या ओठावर फेस.

"हा दुसरा," आई म्हणाली. "पहिला तुझ्यासाठी घेतला होता."