खंडेनवमीचा आराम

"नाही म्हणजे नाही. एकाही मशीनला हात लावायचा नाही." प्रतिभा स्विचबोर्डाला पाठ लावून उभी राहिली.

समोर लॅब अटेंडंट निवृत्तीमामा. हातात ताट, ताटात हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचे सोळा हार. मोजून सोळा. कॉलेजच्या वर्कशॉपात एकवीस वर्षं लेथची पूजा करून मामा गेल्या साली कम्प्युटर लॅबला बदलून आले, ते येताना खंडेनवमी बरोबर घेऊनच.

"मॅडम, आजच्या दिवशी हत्यार चालवीत नसतात. खाली बघा, सगळे लेथ बंद. सुताराची करवतसुद्धा निजलीय."

"हे हत्यार नाही, मामा."

"मग काय हे?"

सांगायचं कसं? इतर विभागांनी भंगारात काढलेले सोळा कम्प्युटर प्रतिभानं उन्हाळ्याच्या सुट्टीत झाडूनपुसून मांडणीवर बसवले, तारांनी एकमेकांना जोडले, त्यांवर लिनक्स चढवलं. एका मोठ्या गणिताचे सोळा तुकडे करायचे, सोळांना वाटायचे आणि सोळांनी मिळून ते सोडवायचं. ती याला क्लस्टर म्हणे. स्टाफरूममध्ये त्याचं नाव 'प्रतिभाची भिशी' पडलं होतं.

"कांद्याच्या चाळीत वारं कसं फिरतं, त्याचं गणित चाललंय," ती म्हणाली.

"त्याला सोळा कम्प्युटर? कळवणला आमचा थोरला भाऊ बोट ओलं करून सांगतो."

"त्यांचं बोट विद्यापीठात चालत नाही."

"किती दिवस चाललंय?"

"अकरा. अजून दोन."

"अकरा दिवस? एक मिनिट आराम नाय? बैलालाबी असं कुणी जुंपीत नाय, मॅडम."

प्रतिभानं डोळे मिटले. या अकरा दिवसांत तिनं लोडशेडिंगला यूपीएस आणि जनरेटर लावून हरवलं होतं. सफाईवाल्या मैनाबाईंना प्लगपासून दूर ठेवलं होतं. ज्यांना 'जरा एकच प्रिंट' काढायची होती, अशा तीन प्राध्यापकांशी ती भांडली होती. सोमवारी आकडे घेऊन पुण्याला गेली नाही, तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द. मुदतवाढ दोनदा घेऊन झालेली. अधूनमधून आकडे डिस्कवर उतरवून ठेवायची सोय तिनं प्रोग्रॅममध्ये केली असती, तर ती आज इतकी घाबरली नसती. पण त्यानं गणित दीड दिवस लांबलं असतं, आणि दीड दिवस तिच्याकडं नव्हता.

"मामा, हात जोडते तुम्हाला."

मामा विरघळले. "आता हात कशाला जोडता! तुमचं गणित नाय थांबू देत. मग तर झालं?"

"आणि हार पंख्यावर नकोत. हवा कोंडेल."

"कडेनं घालतो."

तिनं उभं राहून सोळाही हार कडेनं घालून घेतले. तेवढ्यात निरोप आला, प्राचार्य वर्कशॉपात आरतीला थांबलेत. गेल्या वर्षी ती गेली नव्हती आणि ते त्यांनी मार्चपर्यंत लक्षात ठेवलं होतं. जाताना तिनं पडद्यावरचा आकडा पाहिला : आठ लाख एकसष्ट हजार दोनशे. दर दोन मिनिटांनी तो शंभरानं पुढं सरके. दहा लाखांवर गेला की सुटली.

अर्ध्या तासानं ती मामांसाठी पेढा घेऊन परतली. लॅबमध्ये उदबत्तीचा वास होता, पंख्यांची घरघर नेहमीसारखी चालू होती. बरं वाटलं.

पडद्यावर आठ लाख एकसष्ट हजार तीनशे.

ती खुर्चीत बसली. दोन मिनिटं गेली. पाच गेली. तीनशेच. मग तिनं मांडणीकडं पाहिलं आणि हिरवे दिवे मोजले. पंधरा.

"मामा, नऊ नंबर?"

"निजवला त्याला." मामांच्या आवाजात समाधान होतं. "लय धापा टाकीत होता. म्हटलं, सगळ्यांच्या वतीनं एकाला आराम. देवाचंबी झालं, तुमचंबी झालं. सोळांचं काम पंधरा जण ओढतील की. फार तर एक दिवस उशीर."

प्रतिभाला ओरडायचं होतं. पण माणसानं हिशेब इतक्या प्रेमानं चुकवलेला होता, की ओरडायला जागाच सापडेना.

"परत चालू करू का?" मामांनी बटणाकडं हात नेला.

"उपयोग नाही. उठला तरी आधीचं त्याला काही आठवायचं नाही."

"अन् हे पंधरा? हे तर चालू दिसतात."

"ते नवव्याची वाट बघताहेत. सारखं 'आला का, आला का' विचारत. त्याचा तुकडा आल्याशिवाय एकालाही पुढं सरकता येत नाही."

"कुठवर बघतील?"

"आपण बंद करेपर्यंत."

 मामांनी सवयीनं आठ नंबरच्या डब्यावर तळवा ठेवला आणि चटकन उचलला.

"मॅडम, नुसती वाटच बघायची, तर हा एवढा तापलाय कशानं?"

प्रतिभानं पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि शेजारच्या नऊ नंबरला हात लावला. हाराखाली तो गार पडत चालला होता.