चौकोनी खड्डा

खड्डा बुजवायचा तर आधी तो मोठा करावा लागतो. हे दशरथला कुणी सांगायला नको होतं. रस्ते खात्यात एकतीस वर्षं घाम गाळून तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. वाकड्यातिकड्या खड्ड्यात नुसता डांबर-खडीचा माल ओतला की चार दिवसांत उखडतो. कडा उभ्या कापायच्या, चौकोन काढायचा, धूळ झाडायची, डांबराचा हात फिरवायचा, मग माल. हल्लीची कंत्राटी माणसं साचलेल्या पाण्यातच माल टाकतात आणि वरून दोन बूट आपटतात. त्यांच्या बापाचं काय जातंय!

मुलुंडच्या टेकडीवर चढणाऱ्या त्याच्या गल्लीच्या तोंडाशीच हा खड्डा होता. बायकोला, प्रेमाला, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. मंगळवारी परत येताना रिक्षा त्यात आदळली आणि तिचा डायलिसिसची सुई टोचायचा हात दांडीवर आपटून कोपरापर्यंत काळानिळा झाला. ‘ह्या हाताला परत काही झालं तर सुई टोचायला जागा उरणार नाही,’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मोबाइलवरून तक्रार टाकून तीन आठवडे झाले होते. कोण फिरकतंय!

शेवटी दशरथने शिवदासला गाठलं. शिवदास आता मुकादम. एके काळी दशरथच्याच हाताखाली घमेली उचलायचा.

"दादा, गुरुवारी डांबराची गाडी तुमच्याच भागात आहे," शिवदास म्हणाला. "तुम्ही खड्डा तयार ठेवा, मी चार घमेली माल टाकून देतो. तुमच्यासाठी एवढं नाय करणार होय?"

म्हणून गुरुवारी सकाळी प्रेमाला सुनेबरोबर, श्रुतिकाबरोबर, हॉस्पिटलला पाठवून दशरथ छिन्नी आणि घण घेऊन बसला. बासष्टाव्या वर्षी घण काही फुलासारखा उचलला जात नाही. पण हात विसरला नव्हता. बारा वाजेपर्यंत त्याने वीतभर खोल, आरशासारखा साफ चौकोन काढला, खराट्याने झाडून काढला आणि कपाळ पुसत उभा राहिला. अर्धी गल्ली त्या चौकोनाने खाल्ली होती. खाऊ दे, तासाभराचा तर प्रश्न.

गाडी आली. ताडपत्रीखालून माल वाफाळत होता. शिवदासच्या मागून निमेश उतरला, खात्याचा नवा इंजिनियर. त्याने मोबाइलकडे बघितलं, खड्ड्याकडे बघितलं, परत मोबाइलकडे.

"हे कुणी खोदलं?"

"खोदलं नाय साहेब, कापलंय. माल नीट धरावा म्हणून."

निमेशने वाकून कडेवरून बोट फिरवलं. "काका, खड्डा असा असतो का? खड्डा वेडावाकडा असतो. हा तर सरळ सरळ चर आहे. खोदकाम आम्ही बुजवत नाही. ज्याने खोदलं त्याने परवानगी काढायची आणि त्यानेच भरायचं."

"अहो साहेब, मी ह्याच खात्यात एकतीस वर्षं..."

"म्हणून तर पंचनामा करत नाहीये."

"दोन घमेली टाकूया ना साहेब," शिवदास पुटपुटला.

"फोटो वर जातो, शिवदास. खोदकामात आपला माल दिसला तर उत्तर तू देणार?"

शिवदास दशरथकडे न बघताच गाडीत चढला. गाडी गेली, डांबराचा वास तेवढा मागे रेंगाळला. पाच मिनिटांत दशरथच्या खिशात मोबाइल वाजला. ‘आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. पाहणीत खड्डा आढळला नाही.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. कालपर्यंत निदान आदळत का होईना, रिक्षा दारापर्यंत येत होती.

चार वाजता रिक्षा आली आणि तोंडाशीच थांबली. "काकी, इथेच उतरा. आत जाणार कुठून?"

श्रुतिकाने प्रेमाला धरून उतरवलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पट्टी बांधलेला हात तिने छातीशी घेतला होता. घर अजून दोनशे पावलं चढावर. दशरथने पुढे होऊन तिचा दुसरा हात धरला.

प्रेमा मात्र खड्ड्याकडे बघत होती.

"हे तुम्ही केलंत?"

"हं."

"एकट्याने? किती सुबक काढलाय हो!" एकतीस वर्षं डांबराने माखलेले कपडे तिने धुतले होते, त्याचं काम आज पहिल्यांदा बघत होती. दशरथने तिला कडेकडेने पलीकडे नेलं.

चार पावलं चढल्यावर ती दम घ्यायला थांबली. वर त्यांच्या चाळीपर्यंत गेलेल्या उखडलेल्या गल्लीकडे बघत म्हणाली,

"इतकी वर्षं तुम्ही सगळे असंच काम करत होतात ना? मग आपले रस्ते असे कसे हो?"