छताखालचा रॅक

प्लंबर बाबांच्या मालवाहू व्हॅनमध्ये लेक सकाळपासून छताखाली रॅक बसवत होती. लोखंडी अँगल तिने स्वतः मापं घेऊन कापून आणले होते. आता त्यांवर प्लायवूडच्या फळ्या चढत होत्या. पाईप, नळ, फिटिंगचे डबे, असं बरंचसं सामान आता तिथेच जाणार होतं.

बाबा दाराशी उभे राहून बघत होते. गेलं वर्षभर त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"अगं, इतक्या उंचावरचं सामान मी काढणार कसं?"

"तुम्ही काढायचंच नाही."

बाबांचा चेहरा पडला. "मला घरी बसवायचा बेत आहे तर! मग तसं तोंडावर सांग ना, हे आडवळण कशाला?"

शेवटचा नट आवळून लेक खाली उतरली.

"घरी कशाला? वरचं मी काढेन, खालचं तुम्ही. नोकरी सोडलीय मी, बाबा. सोमवारी किती वाजता निघायचं?"

बाबा पुढे गेले आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर वर्षानुवर्षं साठलेलं सामान डाव्या हाताने एकेक करून उचलू लागले.