निळे झेंडू

“आकाश केशरी आहे,” गच्चीच्या कठड्याला धरून कुमुदताई म्हणाल्या. “आणि कुंडीतले झेंडू निळे! काय सुंदर दिसतंय गं.”

त्यांची मुलगी ऋता लॅपटॉप सोडून ताडकन उठली. आईला दिसत होतं!

कृत्रिम डोळे बनवणारी कंपनी बंद पडली, तेव्हा तिच्या परवानगीशिवाय न चालणारा, त्या डोळ्यांतलं चित्र उमटवणारा ‘ग्राफिक्स ड्रायव्हर’ हा प्रोग्रॅमही बंद पडला आणि ते डोळे बसवलेल्या कुमुदताईंसारख्या सगळ्यांपुढे अंधार झाला. तेव्हापासून ऋता आणि तिने कधीही न पाहिलेली देशोदेशीची माणसं मिळून नवा ड्रायव्हर लिहीत होती, कुणालाही उघडून बघता येईल असा. आज तो पहिल्यांदा चालला होता.

“आई, चुकलंच माझं. लाल आणि निळ्याची अदलाबदल झालीय. थांब, आत्ता दुरुस्त करते.”

“राहू दे जरा.” केशरी आकाशाखालून कुमुदताई स्वप्नात चालल्यासारख्या तिच्याजवळ आल्या. तिची हनुवटी उचलून त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

“म्हणजे मला निळं दिसतंय, ते खरं लाल आहे?”

“हो.”

“तुझे डोळे निळेशार झालेत, ऋता. कधीपासून झोपली नाहीस?”