बंद गॅलरीतला टोमॅटो

कुंडीखालच्या ताटलीत आजही फुलं पडलेली होती. तिने त्यातलं एक उचललं. देठाच्या मधल्या गाठीशी ते नेमकं तुटलं होतं, कुणी नखाने खुडावं तसं.

"आला का टोमॅटो?" आतून तिच्या लेकीने, भिंगरीने विचारलं. बी तिनेच पेरलं होतं, बोट मातीत खुपसून.

"नाही."

"मग कधी येणार?"

"सारखं सारखं विचारू नकोस गं!"

आतला आवाज लगेच बंद झाला.

झाडात तसं काही कमी नव्हतं. कमरेच्या वर गेलेलं, हिरवंगार, काठीला मऊ कापडाने बांधलेलं. खत बेताचं, पाणी वेळेवर, कीड औषधालासुद्धा नाही. गॅलरीला वरपासून खालपर्यंत काचा होत्या आणि काचांच्या फटींवर तिने स्वतः चिकटपट्टी लावली होती. धूळ नको, धूर नको, डास नको. मधमाशी आत येणार नाही हे तिला कळत होतं. म्हणून रोज सकाळी ती रंगाचा मऊ ब्रश घेऊन एकेका फुलावरून फिरवायची. एकही फूल चुकवायची नाही. आणि फुलं एकेक करून ताटलीत यायची.

"तासभर खाली नेते हिला." नणंद गॅलरीच्या दारात उभी होती. हातात भिंगरीचे बूट. "डॉक्टर परवाच म्हणाले ना, आता खुशाल खेळू दे?"

"डॉक्टरांचं काय जातंय सांगायला?"

खाली मोकळ्या जागेत मुलं पकडापकडी खेळत होती. काचेतून त्यांची उघडी तोंडं दिसत होती, ओरडणं ऐकू येत नव्हतं.

नणंदेचं लक्ष ब्रशकडे गेलं. "हे काय, रंगकाम काढलंयस?"

"परागीकरण करते."

"अगं बाई! मधमाशीची नोकरी धरलीस की. सुट्टी तरी देतात का?"

ती हसली नाही. नणंदेने पुढे होऊन फुलांच्या घोसामागे देठाला टिचकी मारली.

"हात लावू नका ताई! पडतील ना!"

"न हलवताच पडतायत की. अगं, टोमॅटोचा पराग आत असतो, मिटलेल्या नळीत. वरून गुदगुल्या करून तो थोडाच बाहेर येणार? झाड हललं पाहिजे. काच उघड. जरा वारा लागू दे त्याला." मग झाडाकडेच बघत ती म्हणाली, "आणि पोरीलाही."

तिचं डोकं एकदम सणकलं.

"वारा लागू दे! किती सोपं आहे हो म्हणायला. तिचा श्वास अडकला तेव्हा ओठ निळे पडले होते, ते तुम्ही नाही पाहिलेत. तुमचा भाऊ रिपोर्ट बघतो. तुम्ही फोनवर 'कशी आहे आता' विचारता. छाती वरखाली होतेय की नाही ते मी बघते. ती झोपली की हात ठेवून बघते. अजूनही. आणि शहाणपण मात्र सगळ्यांनी मला शिकवायचं!"

"रागाव माझ्यावर. हवं तेवढं रागाव." नणंदेचा आवाज चढला नाही. "पण मघाशी मी हिला म्हटलं, पळत ये बघू. तर माझ्या कानाशी येऊन काय म्हणाली माहितीये? 'पळाले की आई घाबरते.' घरात पावलं न वाजवता चालते ती. नाव काय ठेवलंय आपण तिचं, आणि चालते कशी!"

"बूट जागेवर ठेवा."

नणंदेने बूट कपाटात ठेवले नाहीत. उंबऱ्याशी ठेवले, शेजारी शेजारी. "खाली बाकावर बसलेय मी," म्हणाली आणि निघाली. बाहेरचं दार तिने हळूच ओढून घेतलं. ते आपटलं असतं तर बरं झालं असतं.

राग कुणावर काढावा तेच तिला कळेना. नणंदेवर, नवऱ्यावर, खुशाल म्हणणाऱ्या त्या डॉक्टरांवर. समोर झाड होतं. काठीला ऐटीत टेकलेलं, तजेलदार, रिकामं.

"एवढं केलं तुझं!" तिने काठी दोन्ही हातांनी धरली. "एवढं केलं मेल्या! काय कमी पडलं तुला? बोल ना, काय कमी पडलं?"

उपटूनच टाकायचं म्हणून तिने ते हिसकलं. काठी निघेना, तशी ती आणखी भडकली. झाड गदागदा हललं. कुंडी ताटलीवर खडखडली, पानांचा उग्र वास हाताला लागला, कापडाची एक गाठ सुटली. ती हलवत राहिली, दम लागेपर्यंत.

मग तिचे हात थांबले.

काचेतून आलेल्या उन्हात पिवळी भुकटी तरंगत होती. अगदी बारीक. थोडी पानांवर बसत होती, थोडी तिच्या मनगटावर. तिने मनगट डोळ्यांजवळ नेलं. इतक्या दिवसांत ब्रशच्या टोकाला एवढीशीही लागली नव्हती.

मागे काहीतरी वाजलं. तिने वळून पाहिलं. भिंगरी उंबऱ्यावर उभी होती, एका पायात बूट घालून, तोही उलटा. कधीपासून उभी होती कोण जाणे. आता ही घाबरली असणार, रडणार, आणि रडली की दम लागणार, असं वाटून ती तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

पण पोरीचे डोळे लकाकत होते. तिने दोन्ही हात पुढे केले.

"आई, आता मला. तसंच. गदागदा."